मायना गाळून वाचलेली पत्रे

इथिओपियाचा सम्राट दुसरा तेवोद्रोस याने २९ ऑक्टोबर १८६२ रोजी इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाला अम्हारिक भाषेत एक पत्र लिहिले. लोकप्रिय इतिहासग्रंथांत हे पत्र बहुधा दोन ओळींच्या सारांशाने भेटते. सम्राटाने मैत्री मागितली, इंग्लंडने उत्तर दिले नाही, सम्राट संतापला, युद्ध झाले. पत्राच्या आरंभीचे त्रैक्याचे स्मरण, बिरुदावली, ईश्वराने केलेल्या कृपेचे कथन हे सारे पाल्हाळ समजून गाळले जाते. या धाग्याचा आक्षेप त्या गाळण्यालाच आहे. अम्हारिक राजपत्राचे अर्धे राजकारण त्याच्या मायन्यात असते. मायना वगळून जे उरते त्यावरून पत्र कोणत्या नात्याने लिहिले होते हे कळत नाही, आणि ते नाते न कळल्यामुळे एकोणिसाव्या शतकात फार मोठी किंमत मोजली गेली. त्या किमतीचा एक हिस्सा मुंबई इलाख्यानेही भरला.

प्रथम या पत्रांची घडण पाहणे आवश्यक आहे. अम्हारिक पत्राचा पारंपरिक आरंभ 'यिद्रेस' या शब्दाने होतो. 'पोहोचणे' या क्रियापदाचे हे इच्छार्थी रूप, म्हणजे मराठीत सरळ 'पोहोचो'. अमुक यांजकडून तमुक यांजकडे हे पत्र पोहोचो. ज्या देशात पत्र म्हणजे डोंगरकडे आणि पावसाळ्यातल्या नद्या ओलांडत जाणारा एक माणूस होता, तिथे ही इच्छा अगदी खरी होती. त्यानंतर क्षेमकुशल विचारायचे आणि स्वतःचे कुशल ईश्वराचे आभार मानून कळवायचे. घरगुती पत्रांत याला एक हृद्य जोड असे: तुमच्या आठवणीची हुरहुर सोडली तर बाकी सारे ठीक आहे.

राजपत्राची तऱ्हा याहून भारदस्त. तेवोद्रोसच्या पत्रांच्या शिरोभागी पिता, पुत्र व पवित्र आत्मा या एका देवाचे नाव येते. पुढे मेनेलिकच्या काळापर्यंत ही घडण पक्की झाली. पत्राच्या माथ्यावर मुकुटधारी सिंहाची मुद्रा, 'यहूदाच्या वंशातील सिंह विजयी झाला आहे' हे बिरुद, मग राजाचे नाव, 'ईश्वराने नेमलेला, इथिओपियाचा राजाधिराज' हे पद, आणि त्यानंतर 'यिद्रेस'. स्वाक्षरीचे काम मुद्रा करी. यातली बिरुदे गेझ भाषेत असत. गेझ ही इथिओपियाची प्राचीन धर्मभाषा. ती लोकांच्या बोलण्यातून केव्हाच गेली होती, पण चर्चच्या उपासनेत आणि राजाच्या बखरीत टिकून होती. बिरुदे संपली की मजकूर बोलत्या अम्हारिकमध्ये उतरे. ज्यांनी शिवकालीन पत्रे पाहिली आहेत त्यांना ही रचना परकी वाटू नये. वर संस्कृत मुद्रा, खाली मराठी मजकूर, हीच ती दुहेरी वीण. वरची भाषा सत्तेचे मूळ सांगते, खालची भाषा काम सांगते.

मराठी वाचकाला आणखी एका कारणाने हे सहज उमगेल. पेशवाईच्या पत्रव्यवहारात कोणाला 'राजश्री' लिहायचे, कोणाला 'तीर्थस्वरूप', 'विनंति उपरी' कोठे आणि 'आज्ञा' कोठे, यांवरून लिहिणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा दर्जा ठरे. मायन्यातला एक शब्द खाली आला की रुसवे होत, वकील धावपळ करीत. मराठी इतिहास संशोधकांनी मायन्यांकडे बारकाईने पाहिले ते उगाच नव्हे. हाच न्याय हबसाणच्या पत्रांना मात्र क्वचितच मिळतो.

आता १८६२ कडे. त्या वर्षी चार्ल्स डंकन कॅमेरॉन हा नवा ब्रिटिश वकील तेवोद्रोसच्या भेटीस आला. आधीचा वकील वॉल्टर प्लाउडेन १८६० मध्ये बंडखोरांच्या हातून मारला गेला होता आणि सम्राटाने त्याचा सूड घेतला होता. प्लाउडेनला दिलेल्या आश्रयाबद्दल कृतज्ञता म्हणून राणीच्या नावाने कोरलेली पिस्तुले कॅमेरॉनने आणली. राणीने राजाला भेट पाठवली. तेव्हा राजाने राणीला पत्र लिहिणे हे शिष्टाचारानुसार ओघानेच आले.

त्या पत्रात सम्राट आधी सांगतो की पूर्वजांना ईश्वराचा विसर पडला म्हणून राज्य परक्यांच्या हाती गेले, आणि ईश्वराने आपल्याला धुळीतून उचलून ते परत दिले. मग प्लाउडेन आणि आपला इंग्रज मित्र जॉन बेल यांच्या मृत्यूचा उल्लेख. मग किनारपट्टी अडवून बसलेल्या तुर्कांची तक्रार. आणि सर्वांत शेवटी खरी मागणी: आपले वकील भेटी घेऊन इंग्लंडला यावेत असे वाटते, त्यांच्या सुरक्षित प्रवासाची व्यवस्था व्हावी. लंडनच्या कारकुनी नजरेला यातले शेवटचे वाक्य तेवढे कामाचे. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने क्रम नेमका उलट होता. मी कोण, माझे राज्य कोणी दिले, तू आणि मी एकाच ख्रिस्ताचे उपासक आणि समान दर्जाचे राजे कसे, हे सिद्ध झाल्यावरच मागणीला अर्थ होता. समान दर्जाच्या पत्राला समान दर्जाच्या व्यक्तीनेच उत्तर द्यायचे असते, हीही त्यातली न लिहिलेली अट होती.

पत्र १२ फेब्रुवारी १८६३ रोजी लंडनला पोहोचले आणि परराष्ट्र खात्याच्या दप्तरात पडून राहिले. त्याला कोणीही उत्तर लिहिले नाही. हा केवळ एखाद्या कारकुनाचा विसराळूपणा होता असे म्हणणे इंग्लंडला फार सोयीचे आहे. क्रिमियाच्या युद्धात इंग्लंड तुर्कांच्या बाजूने लढले होते; ख्रिस्ती बंधुत्वाच्या नावाने तुर्कांविरुद्ध मदत मागणारे पत्र त्या खात्याला अडचणीचेच वाटणार. कॅमेरॉनला वरून सूचना मिळाली ती अबिसीनियाच्या राजकारणात न पडण्याची. परंतु राजकीय नकार देण्यासाठीही उत्तर लिहावे लागते. नकाराचे पत्र आले असते तर तेवोद्रोस रागावला असता. पत्रच न येणे याचा अर्थ त्याच्या दरबारात एकच होऊ शकत होता, की आपल्याला राजा मानलेले नाही. दरम्यान कॅमेरॉन तुर्की-मिसरी अंमलाखालच्या मुलखात फिरून उत्तराविनाच परतला होता. जानेवारी १८६४ मध्ये तो बेड्यांत पडला.

मग मात्र लंडनची लेखणी झरझर चालली. २६ मे १८६४ या तारखेचे, खुद्द राणीच्या सहीचे उत्तर तयार झाले. ते घेऊन निघाला होर्मुझ्द रस्साम. मोसुलमध्ये जन्मलेला हा गृहस्थ निनेव्हेच्या उत्खननामुळे प्रसिद्ध होता आणि त्या वेळी एडनच्या पोलिटिकल रेसिडेंटचा सहायक होता. एडनचा कारभार तेव्हा मुंबई सरकारच्या अखत्यारीत असे. मासावा बंदरात प्रवेशाच्या परवानगीची दीर्घकाळ वाट पाहून तो जानेवारी १८६६ मध्ये सम्राटाला भेटला. सव्वातीन वर्षांनी उत्तर पोहोचले. काही आठवडे गोडीगुलाबी झाली, पुन्हा संशय बळावला आणि रस्सामही कैदेत गेला.

पुढची कथा मुंबईच्या धक्क्यावरून सुरू होते. मुंबईच्या फौजेचा सरसेनापती सर रॉबर्ट नेपियर याला मोहिमेचे नेतृत्व मिळाले. सुमारे १३,००० सैनिक, त्यात मोठ्या संख्येने मुंबई लष्करातील देशी पलटणी, हजारो खेचरे आणि ४४ हत्ती जहाजांतून तांबड्या समुद्रापलीकडे गेले. मोहिमेचा खर्च सुमारे ९० लाख पौंडांवर गेला. त्यातली संतापजनक गोष्ट अशी की नोव्हेंबर १८६७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने ठराव करून मोहिमेवर गेलेल्या हिंदी सैन्याचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीवरच ठेवला. लंडनच्या दप्तरात उत्तराविना राहिलेल्या एका पत्राचा भुर्दंड अशा रीतीने ज्यांनी ते पत्र कधी पाहिलेही नव्हते त्या रयतेवर पडला. महाराष्ट्रातल्या इतिहासप्रेमींनी अबिसीनियाची मोहीम पराक्रमाची कथा म्हणून वाचताना हा हिशेबही समोर ठेवावा.

१० एप्रिल १८६८ रोजी अरोगेच्या पठारावर तेवोद्रोसच्या सैन्याची दाणादाण उडाली. नंतरच्या दोन दिवसांतला पत्रव्यवहार हा या विषयाचा सर्वांत करुण भाग आहे, आणि सर्वांत कमी वाचला जाणाराही. नेपियरने शरणागतीची मागणी करणारे पत्र पाठवले. त्यावर सम्राटाने जे लिहवून घेतले त्याच्या आरंभी त्रैक्याचे नाव आहे, पण राजाधिराज हे पद नाही. तेवोद्रोस हे नावही नाही. 'ख्रिस्तावर भरवसा ठेवणारा कासा' असे म्हणून तो बोलू लागतो. कासा हे त्याचे जन्मनाव. १८५५ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी त्याने भविष्यवाणीत सांगितलेल्या धर्मराजाचे तेवोद्रोस हे नाव धारण केले होते. ते त्याने या पत्रात उतरवून ठेवले. मजकुराचा रोखही बराचसा शत्रूकडे नसून आपल्याच पळालेल्या लोकांकडे आहे. उत्तर म्हणून हे पत्र निरुपयोगी होते. नेपियरच्या मागण्यांना त्यात हो नाही की नाही नाही. मायना वाचणाऱ्याला मात्र पहिल्या ओळीतच कळते की या माणसाने आपले राज्य संपल्याचे मान्य केले आहे आणि आता तो मृत्यूची तयारी करीत आहे.

दुसऱ्या दिवशी ईस्टर होता. तेवोद्रोसने आदल्या दिवसाच्या पत्राबद्दल दिलगिरी व्यक्त करणारे दुसरे पत्र पाठवले आणि सणाची भेट म्हणून १००० गाई व ५०० मेंढ्या देऊ केल्या. भेट स्वीकारली असा निरोप त्याला मिळाला. त्याच्या रिवाजात याचा अर्थ तह झाला असाच होता, आणि त्याने युरोपीय कैदी सोडले. नंतर गाई ब्रिटिश छावणीच्या हद्दीवरच अडवल्या गेल्याचे त्याला कळले. १३ एप्रिलला मगदालाचा किल्ला पडला तेव्हा त्याने स्वतःवर गोळी झाडली. पिस्तूल राणीच्या भेटीतले होते.

येथे सम्राटाचे उदात्तीकरण करण्याचा मोह टाळायला हवा. अरोगेच्या आदल्या दिवशी त्याने शेकडो देशी कैद्यांची कत्तल करून त्यांना कड्याखाली लोटले होते. त्याच्या अखेरच्या वर्षांत त्याचेच प्रांत त्याच्या क्रौर्याला विटले होते, आणि इंग्रज फौजेला वाटेत फारसा विरोध झाला नाही याचे हेच मुख्य कारण. एका पत्राच्या उत्तराने त्याचे राज्य वाचले असते असे कोणी म्हणू नये. पण परकीय फौज ज्या निमित्ताने आली ते निमित्त उद्भवले नसते, एवढे म्हणता येते.

विजयी सैन्याने मगदालाहून जे लुटून नेले त्यात शेकडो हस्तलिखिते होती. त्यांतली सुमारे ३५० आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ज्या दरबाराच्या एका पत्राला उत्तर द्यायला वेळ नव्हता, त्याचा ग्रंथसंग्रह मात्र काळजीपूर्वक जपला गेला.

या प्रकरणातून सर्वाधिक धडा घेतला तो तेवोद्रोसच्याच कैदेतून तरुणपणी निसटलेल्या शोआच्या राजपुत्राने, म्हणजे मेनेलिकने. २ मे १८८९ रोजी त्याने इटलीशी वुचाले येथे तह केला. तहाचे १७ वे कलम प्रसिद्ध आहे. अम्हारिक पाठानुसार सम्राटाला युरोपातील राजांशी करायच्या व्यवहारात इटलीचे साहाय्य घेता येईल. क्रियापद आहे 'यिचालाचेवाल', म्हणजे 'त्यांना शक्य आहे', आणि त्यातला 'त्यांना' हा आदरार्थी. इटालियन पाठात सम्राट तसे करण्यास संमती देतो, म्हणजे बांधील होतो. एका भाषेत सवलत, दुसऱ्या भाषेत मांडलिकी.

हे सहसा भाषांतराच्या घोटाळ्याचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. फसवणूक जाणूनबुजून होती की नाही, मेनेलिकला कितपत कल्पना होती, यावर स्वेन रुबेन्सन आणि कार्लो जिलिओ या इतिहासकारांत १९६० च्या दशकात चांगलाच वाद रंगला. पण हा घोटाळा उघड कसा झाला, याकडे कमी लक्ष जाते. तो उघड झाला मायन्याच्या पत्रांनी. नोव्हेंबर १८८९ मध्ये राज्याभिषेक झाल्यावर मेनेलिकने युरोपातील सत्ताधीशांना तो वृत्तान्त कळवणारी शिष्टाचाराची पत्रे लिहिली. त्यांत काही मागणी नव्हती. एका राजाने दुसऱ्या राजाला कुशल कळवायचे, इतकेच. परंतु इटलीने त्याआधीच, ऑक्टोबरमध्ये, १७ व्या कलमाची वर्दी सर्व सत्तांना देऊन ठेवली होती. १८९० मध्ये राणी व्हिक्टोरियाकडून उत्तर आले. या वेळी उत्तर वेळेत आले, हे खरे. त्यात म्हटले होते की यापुढचा व्यवहार इटलीच्या सरकारमार्फत होईल.

तेवोद्रोसला मौनाने जे कळवले गेले होते ते मेनेलिकला सभ्य शब्दांत कळवले गेले. दोघांच्या वागण्यातला फरक येथे दिसतो. मेनेलिकने कोणाला बेड्या घातल्या नाहीत. त्याने दोन्ही पाठ शेजारी ठेवून ताडून पाहिले आणि २७ सप्टेंबर १८९० रोजी इटलीचा राजा उंबेर्तो याला पत्र लिहिले: मैत्रीखातर तुमच्या साहाय्याने व्यवहार करता येईल असे म्हटले होते, तसे करणे बंधनकारक असल्याचा करार केलेला नाही. सुमारे साडेसहा महिन्यांनी, १० एप्रिल १८९१ रोजी, त्याने आपल्या राज्याच्या सीमा सांगणारे पत्र युरोपीय सत्तांना थेट धाडले. इटलीची मध्यस्थी नको, हे त्यात शब्दांनी सांगावे लागले नाही. पत्र थेट गेले यातच ते आले. १८९३ मध्ये तह झुगारला आणि १ मार्च १८९६ रोजी अद्वाच्या रणांगणात इटलीचा पराभव केला. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला अदिस अबाबा येथे नवा तह झाला तेव्हा त्याचे पाठ अम्हारिक आणि फ्रेंच या भाषांत होते. जिच्याशी तह झाला त्या इटलीची भाषा त्यात घेतलीच नाही.

मेनेलिकने १९०७ मध्ये युरोपीय धर्तीचे पहिले मंत्रिमंडळ नेमले. त्यात 'लेखणीमंत्री' असे एक पद होते. पदनाम 'त्सेहाफे तेझाझ', म्हणजे आज्ञा लिहिणारा. मराठी वाचकाने येथे सुरनिसाची आठवण करावी. राजाचे शब्द कागदावर उतरवणे आणि मुद्रा सांभाळणे हे त्याचे काम. हैले सेलासीच्या राजवटीत या पदाचा प्रभाव इतका वाढला की देशाचा पंतप्रधान अक्लिलू हब्ते-वोल्ड हाच लेखणीमंत्रीही होता. बाहेरच्या लेखकांना हे पदनाम गमतीचे वाटते. ज्या राज्याने एका अनुत्तरित पत्रापायी एक सम्राट गमावला आणि एका क्रियापदापायी युद्ध लढले, त्याला ते गमतीचे वाटण्याचे कारण नव्हते.

१९७४ च्या क्रांतीने सम्राट गेला आणि त्याच्याबरोबर 'गिर्मावी', म्हणजे महाराजाधिराज थाटाची संबोधने गेली. त्यांच्या जागी 'ग्वाड' आला: कॉम्रेड. नव्या सत्तेला जमिनीचे राष्ट्रीयीकरण करण्याइतकेच संबोधन बदलणेही तातडीचे वाटले, यावरून मायन्याचे वजन लक्षात यावे. लष्करी राजवट १९९१ मध्ये कोसळली आणि 'ग्वाड'ही ओसरला. आजच्या अम्हारिक कार्यालयीन पत्रात वर तारीख आणि जावक क्रमांक असतो, मग ज्या कार्यालयाला लिहायचे त्याचे नाव, त्याखाली गावाचे नाव, मग 'गुदायु', म्हणजे विषय. शेवटी 'सलामासह' या अर्थाची ओळ, सही आणि प्रती कोणाला पाठवल्या त्याची नोंद. तारीख इथिओपियाच्या स्वतःच्या पंचांगाची: तेरा महिन्यांची, आणि आपल्या इसवी सनाहून सात-आठ वर्षे मागे चालणारी. व्यक्तीला उद्देशून लिहिताना एकेरी 'अंते' किंवा 'अंची' चालत नाही. 'इर्स्वो' हे आदरार्थी सर्वनाम आणि त्यानुरूप क्रियापद लागते, जसे मराठीत 'तू'च्या जागी 'आपण' आले की पुढचे क्रियापदही बदलते. आणि तळाशी, सहीवर अर्धा टेकलेला, निळ्या किंवा जांभळ्या शाईचा गोल शिक्का. मुद्रा माथ्यावरून पायथ्याशी आली. तरी शिक्क्याशिवायचे पत्र घेऊन गेलेल्या माणसाला खिडकीवरूनच परत पाठवतात.